बॅकची पक्की जागा

भोपाळात मी फुटबॉल खेळायचे, असं सांगितलं की ऐकणारा माणूस हटकून हॉकी ऐकतो. ‘हाफला खेळायचात का?’ असं पुढे कौतुकाने विचारतोही. त्यात त्याची चूक नाही. या शहरात मूल चालायला लागलं की हातात वाकडी काठी धरतं आणि जुन्या भोपाळातल्या कुठल्याही चहाच्या दुकानात बसलात, तर शेजारचा म्हातारा कधी ना कधी हॉकीच खेळलेला असतो. मी शांतपणे दुरुस्ती करते. ‘हॉकी नाही, फुटबॉल. आणि हाफ नाही, फॉरवर्ड.’ यातला शेवटचा शब्द माझ्याकडून अजूनही जरा मोठ्याने उच्चारला जातो. माझा नवरा म्हणायचा, तू हा शब्द आडनावासारखा वापरतेस. म्हणो बापडा. तो शब्द मला कसा मिळाला, तेच इथे लिहायचं आहे.

आबा कोल्हापूरहून भोपाळला आले ते कारखान्यात नोकरी लागली म्हणून. विजेच्या मोठ्या मोटारींच्या वाइंडिंगच्या, म्हणजे तारा गुंडाळायच्या, शॉपमध्ये ते चार्जमन होते. आम्हाला टाउनशिपमधलं क्वार्टर मिळालं होतं: दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे फरशीचं अंगण आणि त्या अंगणात आईने लावलेला पेरू. क्वार्टरं एकाच साच्यातून काढल्यासारखी होती, पण दारं उघडली की प्रत्येक घरातून वेगळा देश बाहेर यायचा. डावीकडच्या सरदारजींकडे पहाटे रेडिओवर शबद लागायचे, उजवीकडच्या मल्याळी मास्तरांकडे खोबरेल तेलात फोडणी पडायची, आणि समोरच्या बंगाली काकू आपल्या मुलाला गाणं शिकवताना त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत गायच्या. या सगळ्यावर कारखान्याचा भोंगा. भोंगा झाला की हजारो सायकली एकदम रस्त्यावर उतरायच्या, आणि त्यांच्या चेनींचा, घंट्यांचा मिळून असा काही आवाज उठायचा की मला वाटायचं, डांबरी रस्ताच चालायला लागला आहे. घरात घड्याळ होतं, पण आईचा स्वयंपाक भोंग्यावर चालायचा.

आईचा प्रांत म्हणजे कांदा-लसणाची चटणी. उन्हाळ्यात ती वर्षाची चटणी करायला बसली की आमची क्वार्टरांची पूर्ण ओळ शिंकायची. मिरच्या भाजायच्या दिवशी ती आधी शेजारी जाऊन सांगून यायची, ‘आज खिडक्या बंद रखो हां,’ आणि संध्याकाळी त्याच घरांमध्ये वाटी भरून चटणी पोचवायची. सरदारजींची मुलगी परमजीत, आमची पम्मी, ती चटणी पराठ्यात घालून खायची आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणायची, ‘आंटी, इसमें क्या डालते हो, पेट्रोल?’ रविवारी सकाळी आबा बाजारातून पोहे-जिलेबी आणायचे. पोह्यांवरची बडीशेप आणि शेव आईला पहिली काही वर्षं अजिबात मान्य नव्हती. ‘हे पोहे नव्हेत, हे फराळाचं ताट सांडलंय,’ असं ती म्हणायची. पुढे तीच डब्यातली जास्तीची शेव वर घालून घ्यायला लागली. दुपारी मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, आणि जेवताना आबांच्या तोंडून फुटबॉल.

कोल्हापूर ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना हे समजावून सांगावं लागतं. तिथे पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, आणि आपल्या तालमीची मॅच असली की त्या पेठेत लग्नंसुद्धा पुढे ढकलतात. खेळणारे सगळे गल्लीतलेच. कोणी सराफाच्या दुकानात, कोणी गिरणीत, कोणी नगरपालिकेत. पैसा कोणाला मिळत नसे, पण गोल मारणाऱ्याला आठवडाभर चहाचं बिल द्यावं लागत नसे. आबा असे सेंटर फॉरवर्ड होते. भाकरी मोडता मोडता ते सांगायचे, बॉल डावीकडून कसा आला, समोरच्या तालमीचा धिप्पाड बॅक कसा अंगावर आला, आणि आपण त्याला कसं हुलकावून बॉल कोपऱ्यात ठेवला. ठेवला, असाच शब्द ते वापरायचे. मारला नाही, ठेवला. धाकटी मंदा तोवर झोपलेली असायची. मी जागी असायचे.

आम्ही दोघी मुलीच. यावरून आबांनी कधी उसासा टाकल्याचं मला आठवत नाही. त्यांना बॉल टाकायला समोर कोणीतरी हवं होतं आणि मी होते, इतका सोपा हिशेब. क्वार्टरांच्या मागे, सोनागिरीच्या बाजूला, एक उघडं मैदान होतं. अर्ध्यावर मुरूम, अर्ध्यावर गवत, आणि एका टोकाला म्हशी. ड्यूटीवरून आल्यावर आबा बनियनवरच तिथे यायचे आणि माझ्याकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. पाठीमागून येणारा बॉल न थांबवता वळायचं. ‘थांबलीस की संपलीस गं शालन. बॅकला उसंत द्यायची न्हाई.’ हळूहळू पम्मीही यायला लागली. तिला बॉल घेऊन पळण्यात रस नव्हता. कोणी बॉल घेऊन पळत असलं की तो काढून घेण्यात होता. त्यामुळे आमचं छान जमलं. मी पळायचे, ती काढून घ्यायची. सांजेपर्यंत आमचे गुडघे सारखेच फुटलेले असायचे.

कारखान्याच्या क्लबने मुलींचा संघ काढायचं ठरवलं, तेव्हा आम्ही दोघी कॉलेजात होतो. शिकवायला अय्यूब सर आले. सर टूलरूममध्ये फिटर होते, राहायला जुन्या शहरात, घराणं हॉकीचं, आणि घरच्यांशी भांडून फुटबॉलकडे वळलेले. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा सतरा-अठरा मुलींकडे पाहून विचारलं, ‘कौन आगे खेलेगी?’ पंधरा हात वर झाले. ‘और पीछे?’ एकट्या पम्मीचा. सर म्हणाले, ‘माशाल्ला, एक तो समझदार निकली.’

चड्डीचा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. आईने ती हातात धरून, उलटसुलट करून पाहिली. ‘ह्यात पळता येतं नीट?’ तिने विचारलं. मी हो म्हटलं. ‘मग घाल. पण घरापासून मैदानापर्यंत वरनं परकर नेस. म्हशींना सवय व्हायला वेळ लागंल.’ आई हसत नसे आणि आम्हाला हसवत असे.

दोन हंगामांत आमचा संघ बऱ्यापैकी झाला. मी सेंटर फॉरवर्ड, पम्मी हाफ. इंदूर, जबलपूर, महू, जिथे कुठे मुलींच्या मॅचेस होत, तिथे आम्ही बसने जाऊन यायचो आणि मी गोल मारून यायचे. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, तेव्हा तसंच होतं. मला बॉल कुठे पडणार हे आधी कळायचं. का कळायचं ते आजही सांगता येत नाही. आमच्या कोलार रोडच्या सोसायटीत खाली मुलं खेळतात, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून मी अजूनही त्या जागेकडे बघत असते जिथे बॉल यायचा आहे. बहुतेक वेळा येतो. मग दुखरा गुडघा तपासून घेऊन आत जाते.

राज्याच्या संघाची निवड इंदूरला होती. अय्यूब सर मला आणि पम्मीला घेऊन गेले. निवड करणारे आणि संघाला शिकवणारे मॅथ्यूज सर नावाचे गृहस्थ होते. उंच, वाळलेले, डोक्यावर पांढरी टोपी. दोन दिवस त्यांनी आम्हा सगळ्यांना उन्हात पळवलं आणि स्वतः छत्रीखाली एक शब्द न बोलता उभे राहिले. मी माझ्या मते उत्तम खेळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बाजूला बोलावलं.

‘हाइट अच्छी है तुम्हारी,’ ते म्हणाले. ‘हेडिंग भी. मुझे एक बॅक चाहिए. मेरी पुरानी बॅक की शादी हो गई. तुम बॅक खेलो, तुम्हारी जगह पक्की.’

‘सर, मैं फॉरवर्ड हूँ.’

‘फॉरवर्ड मेरे पास चार हैं. पाँचवीं का क्या करूँगा?’ मग माझा चेहरा पाहून ते जरा मऊ झाले. ‘दस दिन बाद कॅम्प तुम्हारे ही टाउनशिप में लग रहा है. तब तक सोच लो. हाँ तो हाँ, ना तो मैं किसी और को लूँगा.’

परतीच्या बसमध्ये पम्मीला मी सगळं सांगितलं. ती निवडीत मागेच राहिली होती, राखीव मुलींमध्ये. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, ‘पागल है क्या? स्टेट की टीम है. गोलकीपर भी बोलें तो बन जा.’ अय्यूब सर पुढच्या सीटवर होते. त्यांनी मान वळवली नाही.

घरी आले तर हिंदुराव काका आलेले. हे आबांचे तालमीतले दोस्त. उज्जैनला महाकाळाच्या दर्शनाला आले होते आणि ‘एवढं लांब आलोय तर दत्तूला बघून जातो’ म्हणून भोपाळला उतरले होते. येताना त्यांनी गुळाची ढेप आणली होती आणि आईने त्यांच्यासाठी मटण टाकलं होतं. खूप दिवसांनी घरात कोल्हापुरी मराठी अशी मोकळी सुटली होती. आबांचा आवाजही वेगळा झाला होता, मोठा, गावाकडचा. जेवायला बसल्यावर मी इंदूरची हकीकत सांगितली. सांगताना माझी खात्री होती की आबा ताट सरकवून उठतील आणि म्हणतील, त्या टोपीवाल्याला काय कळतंय.

आबा म्हणाले, ‘मग घे की. बॅक काय वाईट?’

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. ‘आबा, बॅक?’

‘संघात जागा मिळतीया. सोडू नये.’

हिंदुराव काकांनी रश्श्याची वाटी तोंडाला लावली होती. ती खाली ठेवून ते मनापासून हसले. ‘तू हेच सांगणार दत्त्या! जल्मभर बॅक खेळलास, तुला बॅक वाईट कसा वाटंल?’

आईने भाकरी उलटली. काकांच्या ध्यानात आलं असावं की काहीतरी भलतंच बोलून गेलो, पण काय ते त्यांना कळेना. ते एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे बघत राहिले.

‘तुम्ही तर सेंटर फॉरवर्ड होता,’ मी म्हटलं.

‘होतो की,’ आबा म्हणाले. ‘दोन हंगाम.’

मग त्यांनी ते सांगितलं. आवाज खाली आला नव्हता की डोळे चुकवले नव्हते. त्यांच्या तालमीच्या बॅकचा पाय मोडला. हंगाम तोंडावर आलेला. वस्तादांनी विचारलं, एवढा हंगाम मागं खेळतोस का? आबा हो म्हणाले. हंगाम चांगला गेला, तालीम जिंकली. पुढच्या हंगामाला कोणी विचारलंच नाही, सगळ्यांनी आबांना मागेच धरलं. पुढे नवा पोरगा आला होता, तोही चांगला होता. ‘सात वर्षं मागं खेळलो,’ आबा म्हणाले. ‘चांगला बॅक होतो. ह्याला इचार.’

‘भिंत होता,’ काका म्हणाले. आता त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. ‘ह्याच्या अंगावर यायला पोरं भ्यायची.’

‘मग आम्हाला गोलांचंच का सांगितलंत?’

आबांनी थोडा विचार केला. ‘गोल दोन हंगामांतलेच आठवतात गं. मागचं काय आठवायचं? बॉल आला, काढला. आला, काढला.’

मला राग यायला हवा होता, असं अनेकांनी मला पुढे सांगितलं. राग आला नाही. मी त्यांच्या ताटातल्या हाताकडे बघत होते. तांब्याच्या तारा गुंडाळून बोटांची पेरं जाड झालेली, आणि त्या बोटांनी ते भाकरीचा तुकडा रश्श्यात इतका हलकेच बुडवत होते की मला त्यांचे सगळे ‘ठेवलेले’ गोल एकदम खरे वाटले. जे दोन हंगाम होते, ते होते.

आईने शेवटची भाकरी माझ्या ताटात घातली आणि आबांना म्हणाली, ‘तुम्हाला इचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात. आता तिला इचारलंय. तिला बोलू दे.’

सकाळी आबा सायकल पुसत होते तेव्हा मी अंगणात गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘शालन, काय ते तुझं तू ठरव. मला इचारू नगंस. मी हो म्हणणारा माणूस आहे.’ आणि भोंगा झाला तसे निघून गेले. वडिलांनी मुलीला दिलेला इतका उपयोगी सल्ला मी दुसरा ऐकलेला नाही.

कॅम्प सुरू झाला त्या सकाळी मी मॅथ्यूज सरांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. ‘ठीक है,’ इतकंच म्हणाले. दुपारपर्यंत बातमी आली की रिकाम्या जागी पम्मीला घेतलं.

मी पळत तिच्या घरी गेले. ती पलंगावर पाय खाली सोडून बसली होती, हातात राज्याच्या संघाची नवी जर्सी. मी तिला मिठी मारायला गेले तर तिने जर्सी मध्ये धरली.

‘सब यही बोल रहे हैं,’ ती म्हणाली. ‘शालन ने छोडी, इसलिए पम्मी को मिली.’

‘कौन बोल रहा है?’

‘सब. मेरी मम्मी भी.’ मग तिने माझ्याकडे पाहिलं. पम्मीने इतक्या कोरड्या नजरेने माझ्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ‘आखिरी दिन तुम्हारी टीम के साथ हमारा मॅच है ना? आना मेरे सामने. फिर देखते हैं किसने क्या छोडा.’

कॅम्प तीन आठवडे चालला. ती मैदानाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. घरं एकमेकांना लागून, मधली भिंत एका विटेची. पण त्या दिवसांत तिच्या घरातून फक्त शबद ऐकू यायचे. आई नेहमीसारखी चटणीची वाटी घेऊन गेली, वाटी रिकामी परत आली, पम्मी बाहेर आली नाही. मी रोज संध्याकाळी एकटीच सराव करायचे, आणि तेव्हा मला पहिल्यांदाच कळलं की बॉल काढून घेणारं कोणी नसलं की माझं पळणंही मंद होतं.

मॅचच्या दिवशी पहिल्या पाळीचे सगळे लोक मैदानाभोवती सायकली आडव्या टाकून बसले. मॅच सरावाचीच होती, पण एका बाजूला राज्याचा संघ आणि दुसऱ्या बाजूला आपल्या क्वार्टरांतल्या पोरी, मग काय. आबा त्यांच्या शॉपच्या लोकांबरोबर कोपऱ्याच्या झेंड्यापाशी उभे होते. आई आली नव्हती. आमच्या मॅचला ती कधीच येत नसे. पडलेलं बघवत नाही, म्हणायची.

पम्मीने मला पूर्वार्धात खाऊन टाकलं. दुसरा शब्द नाही. ती माझी प्रत्येक सवय ओळखून होती, कारण त्यातल्या निम्म्या तिच्यासमोरच लागल्या होत्या. मी वळायच्या आधी ती वळलेली असायची. एकदा तिने बॉल असा स्वच्छ काढून घेतला की मी पुढे तशीच काही पावलं बॉलशिवाय धावत गेले आणि प्रेक्षक हसले. त्या संघाने दोन गोल चढवले. मध्यंतराला मी संत्र्याची फोड हातात धरून बसले होते. अय्यूब सर शेजारी उकिडवे बसले.

‘वो तेरे पाँव नहीं देख रही,’ ते म्हणाले. ‘बॉल भी नहीं देख रही. तेरी आँखें देख रही है.’

‘तो क्या करूँ सर? बंद कर लूँ?’

‘उसको पढने दे,’ सर म्हणाले आणि उठून गेले.

उत्तरार्धात मी पम्मीशी लढायचं सोडलं. मी नुसती जागा बदलत राहिले. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे, बॉल नसतानाही. तिला मला सोडता येईना, आणि माझ्यामागे फिरता फिरता ती आपल्या जागेवरून ओढली गेली. मॅच संपत आलेली. आमची उजवीकडची उषा, जिचा पास कधी कुठे जाईल ते तिलाही ठाऊक नसायचं, तिने एक उंच बॉल उचलला. मी डावीकडे पाहिलं. मुद्दाम, डोळे भरून डावीकडे पाहिलं आणि पम्मीने तिकडे अर्धं पाऊल टाकलं. तेवढ्यात मी उजवीकडे घुसले. बॉल आला तो माझ्या पायावर नाही, डोक्यावरही नाही. तो माझ्या मांडीवर थाडकन आपटला, गोलकीपरच्या हाताला लागला, पुन्हा माझ्या गुडघ्यावर आला आणि रांगत रांगत रेषेच्या आत गेला. मी तोंडावर पडले होते. मातीतून मला तो जाताना दिसला.

सायकलींच्या घंट्या वाजल्या. इतक्या एकदम की मला क्षणभर वाटलं पाळी सुटली.

‘ये भी कोई गोल है?’ पम्मी माझ्या डोक्यावर उभी राहून ओरडली.

‘है,’ मी मातीतूनच म्हटलं.

आम्ही हरलोच, पण त्या गोलाने माझं डोकं पुन्हा जागेवर आलं. नंतर मॅथ्यूज सर माझ्याकडे आले. ‘बहुत भद्दा गोल था,’ ते म्हणाले. मी म्हटलं, हो सर. ‘लेकिन तुम वहाँ थी. मेरी चारों फॉरवर्ड सुंदर खेलती हैं और वहाँ नहीं होतीं.’ मग त्यांनी सांगितलं की जबलपूरच्या मुलीची परीक्षा आली आहे, ती येत नाही. ‘फॉरवर्ड की जगह है. बेंच पर बैठना पडेगा. पूछ रहा हूँ.’

मी कोणालाही न विचारता हो म्हटलं. आबांच्या घरात एक तरी हो असा असावा.

राष्ट्रीय स्पर्धा कटकला होती. हबीबगंज स्टेशनवर आई आली, डबा दिला, आणि मॅथ्यूज सरांना आपल्या हिंदीत बजावलं, ‘इसको भूख में मत रखो, गिर जाती है.’ गाडीत पम्मी समोरच्या बाकावर होती. दोन रात्री आणि एक दिवस आम्ही एकमेकींशी मीठ-पाण्यापुरतं बोललो. तिथे पोचल्यावर पहिल्या दोन मॅचेस मी बाकावर बसून पाहिल्या. एक आम्ही जिंकलो, एक बरोबरीत सुटली. बाकावर बसून मी फक्त पम्मीचा खेळ पाहिला आणि मला कबूल करावं लागलं की मॅथ्यूज सरांना त्या जागी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली मुलगी मिळाली होती. ते मी तिला सांगायला गेले नाही. ती विश्वास ठेवणार नाही असं वाटलं.

तिसरी मॅच बंगालशी होती. त्या मुली काय खेळत! त्यांचा बॉल जमिनीला शिवणीसारखा चिकटून फिरायचा. पम्मीने एकटीने किती अडवलं असेल त्याला गणती नाही, तरी मध्यंतरापर्यंत तीन गोल आणि थोड्या वेळाने चौथा झाला. मग मॅथ्यूज सर मागे वळले, माझ्याकडे बघितलं आणि नुसता अंगठा मैदानाकडे केला.

मी आत गेले. मला भीती वाटली नाही. हरलेल्या मॅचमध्ये फॉरवर्डला भिण्यासारखं काहीच नसतं, हे मी आजही नव्या मुलींना सांगते. बराच वेळ बॉल आमच्या अर्ध्यात यायचा आणि पम्मी तो काढायची. एकदा तिने दोघींमधून बॉल काढला, मान वर केली, आणि मला दिसलं की ती माझे डोळे शोधते आहे. मी उजवीकडे पाहिलं. तिने डावीकडे मारला. लांब, उंच, मैदानभर. मी आधीच डावीकडे निघालेली होते. तो खांद्यावरून पुढे पडला, मी न थांबता वळले, त्यांची गोलकीपर पुढे आली आणि मी तो तिच्या बाजूने कोपऱ्यात ठेवला. मारला नाही.

चार-एक. काहीच फरक पडत नव्हता. बंगालच्या मुली कमरेवर हात ठेवून पुन्हा सुरू होण्याची वाट बघत होत्या. मी परत वळले तर समोरून पम्मी येत होती. आपली जागा सोडून, आमच्या गोलपासून, सगळं मैदान ओलांडून पळत. तिने येऊन मला कमरेला धरून वर उचललं आणि माझ्या कानात पंजाबीत काहीतरी ओरडली. ते काय होतं, हे मी कित्येकदा विचारलं तरी तिने आजतागायत सांगितलेलं नाही. बाहेरून मॅथ्यूज सर टोपी हलवत बोंबलत होते, ‘परमजीत! पीछे! तेरी जगह पे कौन है?’

तिथे कोणीच नव्हतं. पम्मीने मला खाली ठेवलं, माझ्या जर्सीने आपलं तोंड पुसलं आणि परत निघाली, चालत, अजिबात घाई न करता. पंच शिट्टी ओठांत धरून थांबले, आणि ती आपल्या जागेवर पोचेपर्यंत दोन्ही संघ उभे राहून तिच्याकडे बघत राहिले.